विषयाचा रकाना

"डॉक्टर व्हायचंय त्यांनी हात वर करा," स्टेजवरचे डॉक्टर माइकमधून म्हणाले.

सगळ्या हॉलने हात वर केले. मीही केला. माझा हात मनगटापर्यंत लाल होता.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते, तरी त्यांना तो दिसला. "ती मागची मुलगी. लाल हातवाली. उभी राहा." मी उभी राहिले. "काय गं, कुणाचं लग्न आहे? मेंदी लावून आलीस?"

लोक हसले. नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एसी हॉल होता. खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली. मुलं आईवडिलांना घेऊन आली होती, हातात वह्या होत्या. मी एकटी आले होते, दिंडोरीहून एसटीने. बसस्टँडवर बोर्ड वाचला होता, 'डॉक्टर कसं व्हायचं? मोफत मार्गदर्शन'. मोफत होतं म्हणून आले.

"मेंदी नाही सर. पेस्ट लावत होते," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांना मात्र कळलं असणार, कारण त्यांच्याही बागा होत्या. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकदम फुटावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला औषध लावतात. कुठला डोळा राहिला ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत हे उरकावंच लागतं. बाया हातात फडकं धरतात आणि ओळीच्या ओळी लावत जातात. त्या दिवशी मी सकाळी चार ओळी लावून, हात राखेने घासून बसमध्ये बसले होते. रंग काही जात नाही.

"विषय कोणते घेतलेस?"

"फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि क्रॉप सायन्स."

"आणि बायोलॉजी?"

"क्रॉप सायन्स आहे ना सर."

"अगं पण बायोलॉजी कुठाय?"

"क्रॉप सायन्समध्येपण पेशी आहेत, सर. रोग आहेत."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली, आणि हसता हसता तिने आपली पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली. डॉक्टरांनी हसू आवरून हात वर केला. "बाळ, बायोलॉजी नसेल तर नीटच्या परीक्षेला बसताच येत नाही. तू बारावीला आहेस आणि तुला हे माहीत नाही? असू दे, तू द्राक्षांची डॉक्टर हो. बस खाली."

मी बसले नाही. बसायचं सुचलंच नाही. दीड वर्षं मी ज्या रस्त्यावर चालत होते तो रस्ता डॉक्टरकडे जातच नव्हता, हे मला तिथे, माइकवरून, चारशे लोकांत कळलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक जण उठले. नाना. आम्ही ज्यांच्या बागेत राहतो, काम करतो, ते नाना. शेजारी त्यांची मुलगी गौरी. नाना वळून, हसून, मोठ्याने म्हणाले, "आमच्या बागेतलीच आहे साहेब. लय हुशार आहे. दहावीला आमच्या गौरीपेक्षा जास्त मार्क होते."

"अरे वा! टाळ्या झाल्या पाहिजेत," डॉक्टर म्हणाले.

टाळ्या झाल्या. हसण्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. आमच्या बागेतली. बागेत बोअर असतो, ट्रॅक्टर असतो, फवारणीचा ब्लोअर असतो, तशी मी. नानांना मला नाव आहे हे माहीत होतं. त्यांनी ते घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट मी विसरले नाही. तो माणूस डॉक्टर होता. माझा हात त्याने बघितला, त्यावर विनोद केला. त्या औषधाने बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते, कातडी सोलली होती. हात जळतोय का, हे त्याने विचारलं नाही.

आता हे विषयाचं कसं झालं ते सांगते.

माझे आईबा सुरगाण्याकडचे. मी चार वर्षांची असताना ते छाटणीच्या टोळीबरोबर दिंडोरीला आले आणि नानांच्या बागेत कायमचे राहिले. बांधाला लागून पत्र्याच्या चार खोल्या आहेत, त्यातली एक आमची. म्हणजे नानांची. मी तिथूनच शाळेत गेले. शाळेच्या आणि कॉलेजच्या कमिटीवर नाना होते. गौरी आठवीपर्यंत माझ्याच वर्गात होती, मग तिला नाशिकला घातलं. दहावीत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, पुढे काय होणार? मी म्हणाले, डॉक्टर. तेव्हाही टाळ्या झाल्या होत्या. माझ्या आयुष्यात टाळ्या कमी पडल्या नाहीत.

जूनमध्ये अकरावीचे फॉर्म आले. आमच्याकडे एक रीत आहे. बागांवरच्या पोरांचे फॉर्म कॉलेजचे सर भरतात. कडुनिंबाखाली टेबल टाकून बसतात, पोरं आईबापाला घेऊन रांगेत येतात, सर विचारतात आणि लिहितात. नाव, जात, आधार नंबर, विषय. शेवटी कागद फिरवून पुढे करतात. "इथं सही." माझ्या बाला सही येते. त्याचा त्याला फार अभिमान आहे. सही करायची म्हणून तो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

मी सरांना विचारलं, "सर, डॉक्टरसाठीचं हेच ना?"

"हो हो, सायन्सच आहे," सर म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. सायन्सच होतं. पण क्रॉप सायन्स घेतलं की दोन विषयांची जागा जाते. एक भाषा जाते आणि गणित किंवा बायोलॉजी, दोन्हींतलं एक जातं. सरांनी माझं बायोलॉजी घालवलं. विषयाच्या रकान्यात त्यांच्या सुंदर अक्षरात ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. सर लिहितायत म्हटल्यावर आपण वाचायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. तेरा ओळींचा कागद होता. दहावीला मराठीत नव्वदच्या वर मार्क मिळवणाऱ्या मला तेरा ओळी वाचता आल्या नाहीत. या गोष्टीची लाज मला अजून वाटते. सरांना वाटते की नाही, माहीत नाही.

गौरीचा फॉर्म भरताना तिचे आईवडील आणि डॉक्टर मामा, असे तिघं बसले होते. दिवाळीच्या साफसफाईला मी आईबरोबर नानांच्या गंगापूर रोडच्या घरी जायचे. गौरीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता होता. अकरावी, बारावी, नीट, एमबीबीएसची वर्षं, मग इंटर्नशिप, मग पुढचं. सगळ्यात वर हॉस्पिटलचं चित्र, त्याखाली गौरीचं नाव. मुलगी सोळा वर्षांची आणि तिची पुढची बारा वर्षं भिंतीवर. मी त्या तक्त्यावरची धूळ पुसली. वाचलाही. पण त्यात जिथे बारीक अक्षरात विषय लिहिले होते तिथे गौरीने तिच्या मैत्रिणीचा फोटो चिकटवला होता.

कॉलेजात आमच्या वर्गाशेजारी बायोलॉजीची लॅब होती. मुलं मायक्रोस्कोपवर वाकलेली दिसायची. मला वाटायचं, आमचाही नंबर येईल, पुढच्या सहामाहीत येईल. क्रॉप सायन्सच्या पुस्तकात पेशीचं चित्र होतं. मूळ, खोड, भुरी-डावणीसारखे द्राक्षाचे रोग. मी ते पाठ केलं. वर्गात पहिली आले. चुकीच्या गाडीत बसून खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद करत होते मी.

तर त्या हॉलमधून मी बाहेर आले तेव्हा नाना पार्किंगमध्ये उभे होते. गौरी आईबरोबर घरी गेली होती. नाना बागेकडे निघाले होते, पेस्टचं काम कुठवर आलं ते बघायला. म्हणाले, "चल, गाडीत बस. एसटीने कशाला?"

मी मागचं दार उघडलं. नानांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने डिकीतून पेपर काढला, सीटवर पसरला. "रंग लागतो गं सीटला," नाना म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. मी पेपरवर बसले. हात मांडीवर उलटे ठेवले. त्या वेळी मला राग आला नव्हता. सीट खराब होऊ नये म्हणून मीच आणखी आवरून बसले, ही माझी लायकी.

म्हसरूळ मागे पडलं. नाना पुढच्या सीटवरून, मान न वळवता बोलत होते.

"त्या डॉक्टरचं मनावर घेऊ नको. क्रॉप सायन्स वाईट नाही. मीच सांगितलं होतं सरांना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय सांगितलं होतं?"

"हेच, की हिला क्रॉप सायन्स द्या. तुझ्या भल्याचंच होतं. आता एक्सपोर्टला सगळ्या नोंदी लागतात. कुठलं औषध, किती मारलं, तोडणीच्या किती दिवस आधी थांबवलं. बाहेरचा माणूस ठेवला तर तो आज आहे, उद्या नाही. तू घरची. बारावी झाली की फवारणीचं शेड्यूल तूच बघ. ऑफिसात खुर्ची देतो. पेस्ट लावायची गरज नाही."

"मला डॉक्टर व्हायचं होतं नाना. सरांना माहीत होतं."

"अगं, म्हणायला काय जातं? दहावीला सगळेच म्हणतात." ते हसले. "आणि तुमचं काय, तुम्हाला कमी मार्कांत मिळतं म्हणे. पण आत गेल्यावर झेपायला नको? उगा चार वर्षं घालवून परत यायचं."

मी ऐकत होते. ज्या माणसाला माझी बारावी दोन वर्षं आधीच दिसत होती, त्याने माझ्यासाठीही तक्ता काढला होता. फक्त भिंतीवर लावला नव्हता. त्यात शेवटी नानांची नोंदवही होती. परदेशातल्या माणसाने द्राक्ष तोंडात टाकलं तर त्याला काही होऊ नये म्हणून ती नोंद. माझ्या आईचे हात दर ऑक्टोबरात सोलतात, त्याचा रकाना त्या वहीत नव्हता. आणि ती वही मी माझ्या अक्षरात लिहावी म्हणून माझं बायोलॉजी काढून घेतलं. द्वेषाने नाही. नाना आमचा द्वेष करत नाहीत. सोयीने काढून घेतलं.

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

"काय झालं? उलटी येते का?"

"थांबवा. मला उतरायचंय."

ड्रायव्हरने नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "वेडी आहेस का, ढकांबे आलंय आत्ता."

"मी तुमचं शेड्यूल बघणार नाही. बारावीनंतर नाही, कधीच नाही. उद्यापासून पेस्टही लावणार नाही."

नाना पहिल्यांदा वळले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "खोली कुणाची आहे, बाला विचार घरी जाऊन."

मी दार उघडलं तेव्हा गाडी पुरती थांबलीही नव्हती. खाली उतरले. पेपर माझ्या ड्रेसला चिकटून आला होता, तो मी काढला. आणि सीटवर, दाराच्या मुठीला, जिथे जिथे लागेल तिथे माझा हात घासला. मुद्दाम. रंग वाळलेला होता, फारसा लागला नसेल. पण मी घासला.

ढकांब्यापासून दिंडोरीपर्यंत चालत आले. उन्हाचं. दोन एसटी गेल्या, हात केला नाही.

घरी बाला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. विषयाचं त्याला कळलं नाही. खोलीचं लगेच कळलं. "खोली त्यांची हाय, पोरी. लाईट त्यांची, पाणी त्यांचं. तू काय बोलून आली? जा, पाय धर." मी नाही म्हणाले. त्याने हात उगारला. मारला नाही. मग एकदम खाली बसला आणि म्हणाला, "सही मी केली व्हती. मी वाचाया पायजे व्हतं." त्याला वाचता येत नाही. सही येते, वाचता येत नाही. नानांची धमकी एक वेळ मी पचवली असती, पण बाचं हे वाक्य पचलं नाही.

आई चुलीपाशी होती. तिचेही हात लाल. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून तिच्या ओळी मी करते. ती नाय येणार." दुसऱ्या दिवशी तिने आठ ओळी लावल्या. तिसऱ्या दिवशी तिला भाकरी थापता येईना.

कॉलेजात गेले. सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, बोर्डाचे फॉर्म गेले, आता विषय बदलत नाही. मी म्हणाले, "सर, नानांनी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलं. मला का नाही विचारलं?" सर म्हणाले, "तुझ्या बापाने सही केली आहे." कागद काढून दाखवलाही. बाची सही. इस्त्रीच्या शर्टातली सही, वळणदार, खाली रेघ मारलेली.

बायोलॉजीच्या मॅडम शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, बारावी झाल्यावर बायोलॉजी एकटा विषय म्हणून देता येतो, आता तसा नियम आहे, मग नीटला बसता येतं. एक वर्ष जाईल. "सरांनी नाही सांगितलं तुला?" नाही सांगितलं. व्हरांड्यात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्याची गोष्ट होती. ती सांगायला कुणाचं काही जात नव्हतं.

द्राक्षं निघाली आणि नानांनी खोली रिकामी करायला सांगितली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "माणसं बदलायची आहेत," एवढंच. आम्ही वणीच्या बाजूला गेलो. आईबा आता दुसऱ्यांच्या बागेत जातात. तिथे पण पेस्ट लाल असते. मी मेडिकलमधून रबरी हातमोजे आणून आईला दिले. मुकादम म्हणाला, हातमोज्याने काम हळू होतं. आई काढत नाही.

बारावी झाली. क्रॉप सायन्समध्ये मी कॉलेजात पहिली आले. सत्काराला गेले नाही. नंतर एक वर्ष बायोलॉजी केलं, मॅडमच्या जुन्या पुस्तकांवर. दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. मे महिन्यात नीट दिली. नंबर लागला नाही.

इथे लोक मला धीर देतात. प्रयत्न करणं महत्त्वाचं, वगैरे. मला धीर नको आहे. माझं वर्ष गेलं ते मला दिसतं. गौरी आज मेडिकलला आहे. पांढऱ्या कोटातला फोटो तिने टाकला, मी बघितला, बराच वेळ बघितला. गौरीने माझं काही वाईट केलं नाही. तिच्याबद्दल माझ्या मनात काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आहे. जळतं.

या जूनमध्ये मी दिंडोरीच्या त्याच कॉलेजच्या फाटकाशी जाऊन बसले. आता प्रवेश मोबाइलवर होतो, पण विषयांचा कागद कॉलेजातच भरतात, आणि कडुनिंबाखाली अजून तेच टेबल आहे. मी फाटकाच्या बाहेर, गटाराच्या कठड्यावर बसले. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं. 'डॉक्टर, नर्स, फार्मसी, लॅब: बायोलॉजी लागतंच. सही करण्याआधी विषय वाचा.'

दुपारी सर बाहेर आले. "इथं बसायची परवानगी घेतली का?"

"रस्ता आहे सर," मी म्हणाले.

"काय मिळतं तुला हे करून? स्वतःचं झालं नाही म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."

ते पुठ्ठा उचलायला वाकले. मी त्याच्यावर हात ठेवला. तोच हात. आता त्याच्यावर रंग नाही, पण बेचक्यातली कातडी अजून पांढरी आहे. त्यांनी हात बघितला आणि सरळ झाले. आत निघून गेले.

संध्याकाळपर्यंत सात पोरी आल्या. एक नानांच्या बागेतली होती, आमच्याच खोलीत आता राहतात ते लोक. तिच्या कागदावर सरांच्या सुंदर अक्षरात क्रॉप सायन्स लिहिलेलं होतं, खाली तिच्या आईचा अंगठा. मी विचारलं, काय व्हायचंय? ती म्हणाली, "नर्स." मी तिला कोरा फॉर्म आणायला लावला. लिहून दिलं नाही. पेन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, लिही. तिचं अक्षर वाकडं आलं. तिने स्पेलिंग दोनदा खोडलं. पण तिने तिचं लिहिलं, आणि आईला वाचून दाखवलं, आणि मगच अंगठा घेतला.

मी पुढच्या मेमध्ये परत परीक्षेला बसणार आहे. नंबर लागला नाही तर त्याच्या पुढच्या. मला किती वेळा नापास करायचं ते परीक्षेने ठरवावं. सोडायचं कधी, ते मी ठरवीन, आणि मी सोडणार नाही. आणि दर जूनमध्ये त्या फाटकाशी बसणार आहे. सरांनी पोलीस बोलवावेत, नानांनी माणसं पाठवावीत. विषयाच्या रकान्यात परक्या माणसाचं अक्षर दिसलं की मी तो कागद फाडायला लावीन.